तू न सांगितलेलं वाक्य

दादा, तुझ्या शोकसभेचं निवेदन कुणी करायचं, यावरच आधी बराच वेळ गेला.

आजवर आपल्या मराठी मंडळातलं कुणीही गेलं की माइकसमोर तू उभा राहायचास. गेलेल्या माणसाबद्दल खोटं न बोलता चांगलं कसं बोलावं, हे तुलाच जमायचं. आता तू स्वतःच खुर्चीवर टेकवलेल्या फोटोत, आणि बाकीचे एकमेकांकडं बघतायत. शेवटी मंडळाचे चिटणीस सतीशराव उठले. त्यांनी माइकवर फुंकर मारली. तू असतास तर तिथंच कपाळाला आठी घातली असतीस.

सगळे तुझ्या तीन भाषांबद्दल बोलले. मराठी, तेलुगू, दखनी. सरकारी भाषांतर खात्यातली तुझी नोकरी. गणपतीतलं तुझं सूत्रसंचालन. लग्नांत दोन्हीकडच्या व्याह्यांना तू एकमेकांची भाषा समजावून द्यायचास ते. वर्षभरापूर्वीच्या त्या प्रचारसभेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सतीशराव फक्त एवढंच म्हणाले, "मध्यंतरी काही मतभेद झाले, पण प्रभाकररावांनी ते कधी मनात ठेवले नाहीत."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी वर पंख्याकडं पाहत बसले. मतभेद चहात साखर किती घालायची यावर होतो, दादा. तुझ्या बाबतीत जे झालं त्याला मतभेद म्हणणं म्हणजे पुन्हा एकदा भाषांतर चुकवणंच झालं. पण मी उठून बोलले नाही. बोलायचं त्राणच नव्हतं. गेलं वर्षभर या गोष्टीवर इतकं बोललं गेलंय की शब्द हातात घेतला तरी तो आधीच कुणीतरी वापरून टाकलेला वाटतो.

म्हणून तुझ्याशीच बोलते. तुला निदान मागचं सगळं माहीत आहे.

आपण हैदराबादच्या जामबागेत राहत होतो तेव्हा तू मला शाळेत पोचवायचास. वाटेतल्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचून दाखवायचास. उर्दू उजवीकडून, तेलुगू डावीकडून, आणि मध्येच थांबून विचारायचास, "बेबी, हे मराठीत कसं सांगशील?" मला चुकायची भीती वाटायची. तू म्हणायचास, "चूक, पण सांग." माझं तेलुगू त्या फुटपाथवर झालं. पुढं त्याच तेलुगूच्या जोरावर मला शाळेत नोकरी लागली, त्याच्याच जोरावर सासरी दिलसुखनगरला शेजारपाजार जमला. या वयातही मला बेबी म्हणणारा तू एकटाच उरला होतास. आता ते नाव वापरणारं कुणी नाही.

आप्पा कोर्टात दुभाषे होते, हे वडिलांचं काम आपल्या दोघांच्याही अंगात भिनलेलं. घरी जेवताना ते सांगायचे, साक्षीदारानं शिवी दिली तर न्यायाधीशाला शिवीच सांगायची. 'साक्षीदार रागावून बोलला' असं सांगायचं नाही. दुभाष्याला लाज नसते, मत नसतं, नातं नसतं. आई म्हणायची, "पोरांसमोर कशाला?" आप्पा म्हणायचे, "पोरांसमोरच."

तेव्हा तू मान डोलवायचास. त्यामुळंच तर त्या संध्याकाळी तुझं काय चाललंय, हे मला पहिले काही क्षण कळलंच नाही.

तू त्या सभेला गेलास तो सतीशरावांच्या शब्दाखातर. उमेदवार जुन्या शहरातल्या व्यापारी घरातला, उभा आमच्या दिलसुखनगरकडं. हिंदी फर्डी, तेलुगू म्हणजे नमस्कारापुढं शून्य. दिलसुखनगरच्या बाजूला तर अर्ध्याअधिक बाया जिल्ह्यांतून आलेल्या, मुलांच्या कोचिंगसाठी खोली घेऊन राहणाऱ्या. त्यांना हिंदी कळत नाही. सतीशराव घरी येऊन म्हणाले, "तुमच्यासारखा दुभाषा हैदराबादेत नाही, प्रभाकरराव. रस्ते, नाले, पिण्याचं पाणी, एवढंच बोलणार आहेत." आणि तुला त्या पक्षाचं वावडं नव्हतंच. वर्षानुवर्षं तू त्यांनाच मत देत आलास. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर तुला दुसऱ्यांचा माणूस ठरवलं गेलं.

मी तिथं होते. घरापासून चालत जाण्याजोगं मैदान, आणि भाऊ स्टेजवर. न जाऊन कसं चालेल? बायकांच्या रांगांत बसले होते. ऊन उतरलं होतं तरी खुर्च्यांचं प्लास्टिक तापलेलं. मोठमोठे पंखे पाण्याचे तुषार उडवत होते, ते पुढच्या पाहुण्यांपुरते.

सुरुवातीला किती छान चाललं होतं! तो नाल्यावर बोलला, तू नाल्यावर बोललास. त्यानं हात उंचावला की तुझाही हात अर्धा वर जायचा. त्याच्या विनोदावर आधी हिंदीवाले हसायचे, मग तुझ्या तेलुगूवर बाकीचे, आणि दुसरं हसू पहिल्यापेक्षा मोठं असायचं. माझ्या शेजारची म्हणाली, "हा म्हातारा चांगला बोलतो, यालाच उभा करायला हवा होता." तो माझा भाऊ आहे, हे मी तिला सांगितलं नाही. पण पदर सावरून ताठ बसले.

मग गर्दी तापली तसा तोही तापला. नाले मागं पडले. विरोधक गद्दार झाले, विरोधकाचे बाप निघाले. तू ते सगळं सांगत होतास, पण तुझा हात आता वर जात नव्हता. आवाज सपाट होत चालला होता, ऑफिसात परिपत्रक वाचावं तसा. त्यानंतर ते वाक्य आलं.

मी ते इथं लिहिणार नाही. निवडून आल्यावर शेजारच्या त्या एका वस्तीतल्या लोकांचं काय करायचं, आणि मग त्यांच्या बायकांचं काय करायचं, याबद्दल होतं ते. हसत हसत बोलला. हिंदी कळणाऱ्यांतून शिट्ट्या आल्या. तो तुझ्याकडं वळून थांबला, जसा प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता.

तू गप्प.

"बोलिए सर," तो म्हणाला.

तू माइक तोंडाजवळ नेलास आणि अगदी साध्या घरगुती आवाजात म्हणालास, "ये जुमला नक्को साहब. आगे का बोलिए." हे वाक्य नको, पुढचं बोला.

काही लोक हसले. त्यांना वाटलं, तूही विनोद करतोयस. त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी हसला नाही. तू गर्दीकडं वळलास आणि तेलुगूत म्हणालास, "ही गोष्ट मी सांगणार नाही." बस. ना निषेध, ना भाषण. मग माइक स्टँडला नीट अडकवलास, वायर पायात येऊ नये म्हणून बाजूला सारलीस आणि पायऱ्यांकडं निघालास. कुणीतरी घाईनं माइक ओढून घोषणा सुरू केल्या, खालून ढोल वाजायला लागले आणि त्या गोंगाटात तू कठडा धरून एकेक पायरी उतरलास. तुझ्या हाताला धरायला कुणी पुढं आलं नाही. मी रांगेतून वाट काढत येईपर्यंत तू उतरलाही होतास.

घरी आणून तुला पंख्याखाली बसवलं. पाणी प्यालास. मला वाटलं, आता थरथरशील, रागावशील. तू म्हणालास, "बेबी, थोडा भात आहे का? आमटी-भात खाऊ."

तुझं जेवण व्हायच्या आधीच सतीशरावांचा फोन आला. तू स्पीकरवर टाकलास.

"प्रभाकरराव, काही बिघडलेलं नाही. आपण सांगू, उन्हाचा त्रास झाला, बीपी वाढलं. तुम्ही फक्त हो म्हणा."

"माझं बीपी ठीक आहे."

"अहो, ठीकच आहे. पण सांगायला काय जातं?"

"सतीशराव, मी आत्ता आमटी-भात खातोय. आजारी माणूस असा खात नाही."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तू सगळ्यांच्या फोनमध्ये होतास. माझी मेघना गच्चीबावलीच्या ऑफिसातून म्हणाली, "आई, मामा फुल व्हायरल आहे! कमेंट्स वाचू नको म्हणावं, लाइट तीस्को." लाइट तीस्को म्हणजे मनावर घेऊ नको. सोपंय म्हणणं. एका चित्रफितीखाली तुला विकला गेलेला म्हटलं होतं, दुसऱ्या चित्रफितीखाली सिंह. दोन्हींत तुझं तेच एक वाक्य कापून लावलेलं, आणि उमेदवाराचं वाक्य कुठंच नाही. कुणीतरी तक्रार केली, तर उमेदवारानं खुलासा केला की माझं बोलणं तोडूनमोडून दाखवलं गेलं. ते वाचून तू म्हणालास, "मी तोडलंही नाही आणि मोडलंही नाही. मी तर हातच लावला नाही."

त्याच आठवड्यात आपलं भांडण झालं. चिक्कडपल्लीच्या तुझ्या गॅलरीत, संध्याकाळी. वहिनी आत कुकर लावत होती. खालून प्रचाराची गाडी गाणं वाजवत फिरत होती आणि ती लांब जाईपर्यंत आपल्याला दर वेळी थांबावं लागत होतं.

मी म्हटलं, "आप्पांनी सांगितलं असतं ते वाक्य."

"हो."

"जसंच्या तसं सांगितलं असतं. मग त्या बायकांना कळलं असतं, हा माणूस कोण आहे ते. तू त्यांच्यापासून ते लपवलंस. तू त्याला वाचवलंस, दादा."

तू खालची गाडी पुढं जाऊ दिलीस. मग म्हणालास, "आप्पा न्यायाधीशाला सांगत होते. न्यायाधीश ऐकतो आणि शिक्षा देतो. मी गर्दीला सांगणार होतो. गर्दी ऐकते आणि शिट्ट्या देते."

"सगळी गर्दी सारखी नसते."

"माइकसमोर सारखीच असते. आणि मी ते सांगितलं असतं ना, तर चांगलं सांगितलं असतं. मला वाईट सांगताच येत नाही. त्याच्यापेक्षा भारी तेलुगूत सांगितलं असतं. दुसरी शिट्टी पहिल्यापेक्षा मोठी आली असती. तू ऐकत होतीस ना, दर वेळी कसं होत होतं ते?"

ऐकत होते. पण मी हरायला तयार नव्हते. "मग त्याच्या आधीची वाक्यं? गद्दार, बाप काढणं? ती तर सांगितलीस."

"तिथंच चुकलं माझं," तू म्हणालास. "पहिल्यालाच थांबायला हवं होतं. माणूस असा एकदम त्या वाक्यापाशी पोचत नाही. पायरी पायरीनं जातो. मी त्याच्याबरोबर पायऱ्या चढत होतो."

"तुझं मत चिक्कडपल्लीत. त्या उमेदवाराशी तुझं देणंघेणं काय?"

"प्रश्न मताचा नाही, बेबी. तोंड माझं होतं."

तेवढ्यात गाडी परत आली आणि तू आत गेलास. आपलं भांडण तिथंच थांबलं. पुढं आपण त्याला हात घालत राहिलो, पण कधी पाहुणे आले, कधी तुझी गोळी घ्यायची वेळ झाली. आजही मला वाटतं, तू सांगायला हवं होतंस. तू नाहीस म्हणून मी माझं म्हणणं सोडून द्यावं, हे तुलाही आवडलं नसतं.

मग दुसऱ्या बाजूची माणसं आली. विरोधी उमेदवाराची. दुपारची वेळ, हातात शाल, पुष्पगुच्छ, बरोबर फोटो काढणारा. वहिनीनं चहा केला. त्यातला पुढारी म्हणाला, "सर, आमच्या साहेबांची इच्छा आहे, शनिवारच्या सभेत तुमचा सत्कार. तुम्ही माणुसकीची लाज राखलीत."

तू विचारलंस, "तुमचे साहेब परवा चौकात काय बोलले?"

तो गोंधळला. "रस्त्याबद्दल?"

"जिभेबद्दल."

तो हसला. त्याच्या साहेबानं तेलुगूत गर्जना केली होती की ज्या जिभेनं आमच्या आयाबहिणींबद्दल असं म्हटलं, ती जीभ मी याच चौकात उपटीन, आणि उपटताना सगळ्यांनी बघायला या. पुढचंही होतं, त्या माणसाच्या घरातल्या बायकांबद्दल. तू ते स्वतः ऐकलं होतंस, माझ्याकडं आलेला असताना भाजी आणायला गेला होतास तेव्हा.

"सर, ते जोशात बोलतात. निवडणूक आहे."

"समोरचा उमेदवारही जोशातच बोलला."

"पण आमचे साहेब तुमच्या बाजूनं बोलले!"

"माझ्या बाजूनं बोलायला कुणाच्या बायकांची गरज नाही," तू म्हणालास. "चहा घ्या, गार होतोय."

त्यांनी चहा घेतला. तेवढी रीत त्यांनी पाळली. शाल परत नेली, गुच्छ विसरले. वहिनीनं ती फुलं देवापुढं ठेवली, फुलांचा काय दोष म्हणून. संध्याकाळपर्यंत त्याही बाजूनं बातमी पसरली, म्हातारा गर्विष्ठ आहे, कुणाचाच नाही.

दादा, लोकांना तू धीट वाटलास. मला तू त्या दिवसांत फक्त थकलेला दिसलास. टीव्ही बंद ठेवायचास. सकाळी फिरायला गेलास की बाकावरच्या मंडळींचं बोलणं तू आल्यावर हवेवर आणि गुडघ्यांवर यायचं. कुणी तुला टाकून बोललं नाही. नुसतं जपून बोलायला लागले, आणि तुझ्यासारख्या गप्पिष्ट माणसाला त्याहून मोठी शिक्षा नाही. एकदा तू मला म्हणालास, "बेबी, लहानपणी मला वाटायचं, भाषा म्हणजे घरं. या घरातून त्या घरात गेलं की नवं काहीतरी मिळतं. आता कुठल्याही घरात जा, तीच शिवी. फक्त क्रियापद बदलतं." आणि हसलास. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मतदानाच्या दिवशी तू कुणाला मत दिलंस, हे मी विचारलं नाही. तूही मला विचारलं नाहीस. माझ्या यंत्रावर ती दोन्ही नावं होती. मी कुणीच नको, ते शेवटचं बटण दाबलं. तुला ते बटण आवडायचं नाही, तू म्हणायचास, "जेवायला बसून ताट पालथं घालण्यासारखं आहे ते." म्हणून सांगितलं नाही. आता सांगितलं. रागव.

ते वाक्य बोलणाराच निवडून आला. तुला मी फोन केला, तर तू म्हणालास, "हं." मग विचारलंस, "मेघनाचा खोकला कसा आहे?"

त्या वर्षी गणपतीत मंडळानं सूत्रसंचालन एका तरुण मुलीला दिलं. चांगली बोलते, पण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून आणते. सतीशराव तुला म्हणाले, "आता तुम्ही आराम करायचा." तू पहिल्या रांगेत बसलास आणि तिनं एक शब्द चुकीचा उच्चारला तेव्हा, कार्यक्रम संपल्यावर, तिला बाजूला घेऊन तो नीट सांगितलास. ती तुझ्या पाया पडली. मी लांबून बघत होते. मला तुझा अभिमान वाटला आणि सतीशरावांचा राग आला, आणि राग धरून ठेवण्याचाही कंटाळा आला.

काही लोक म्हणतात, त्या प्रकरणानं तुला नेलं. ते खरं नाही, आणि तुझ्याबद्दल खरं नसलेलं मी चालू देणार नाही. तुझं हृदय आधीपासून कुरकुरत होतं, डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तू लोणचं सोडलं नव्हतंस. तू सकाळी पेपर वाचता वाचता गेलास. वहिनी म्हणाली, चष्मा डोळ्यांवरच होता. एवढंच. कुणीही तुला हुतात्मा करू नये. या बाजूनंही नाही, त्या बाजूनंही नाही.

मला वाटलं होतं, इथं थांबावं. पण शोकसभेनंतरच्या आठवड्यात एक गोष्ट झाली, आणि ती ऐकायला तू हवा होतास.

मी घराजवळ भाजी घेत होते. एक बाई माझ्याकडं सारखी बघत होती. चाळिशीची, साधी साडी, हातात कोथिंबिरीची जुडी. मग जवळ येऊन तेलुगूत म्हणाली, "अम्मा, त्या सभेत तेलुगू सांगणारे अन्नय्या तुमचे कोण?"

अन्नय्या म्हणजे मोठा भाऊ. तिनं तुला तिचाच भाऊ म्हटल्यासारखं म्हटलं. मी सांगितलं, माझा भाऊ, नुकताच गेला. तिनं हात जोडले. तिचं नाव सुजाता. सूर्यापेटकडची. मुलींच्या कोचिंगसाठी आमच्याच मागच्या गल्लीत खोली घेऊन राहते, नवरा गावी. त्या दिवशी ती माझ्या मागच्या रांगेत होती. मी उठून तुझ्याकडं धावले, ते तिनं पाहिलं होतं.

"मला हिंदी येत नाही," ती म्हणाली. "अन्नय्या गप्प झाले तेव्हा मी घरमालकिणीला विचारलं, तो काय म्हणाला? ती म्हणाली, काही नाही. घरी गेल्यावर परत विचारलं. ती सांगायला लागली. म्हणाली, तो म्हणाला की त्यांच्या बायकांना... आणि थांबली. माझ्या मुली तिथंच जेवत होत्या. त्यांच्याकडं बघितलं आणि उठून गेली. नंतर कितीदा विचारलं, सांगत नाही. एरवी दिवसभर बोलते ती."

मग ती मला म्हणाली, "तुम्हाला दोन्ही येतं. तुम्ही सांगा. काय म्हणाला होता तो?"

दादा, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, टोमॅटो हातात घेऊन उभी होते मी. वर्षभर तुझ्याशी ज्यासाठी भांडले ते माझ्यासमोर उभं होतं. शब्द सगळे होते. तू शिकवलेलंच तेलुगू. तिला जरा बाजूला घेतलं, भिंतीपाशी, आणि सांगितलं. आप्पांसारखं, जसंच्या तसं, काही न गाळता. पण माझा आवाज इतका खाली गेला की तिला "काय?" म्हणून विचारावं लागलं, आणि मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

तिथं शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं. तिनं ऐकलं. मग तिनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत घातली आणि म्हणाली, "मी त्यालाच मत दिलं."

माझ्या हातात अजून तो टोमॅटोच होता.

"अन्नय्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मला कळलं असतं तर दिलं नसतं."

हे माझंच म्हणणं होतं, दादा. तुझ्या गॅलरीत मी जे म्हणत होते, शब्द न् शब्द तेच. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण घरमालकीण आपल्या तोंडानं ते सांगू शकली नाही, हेही तिनंच सांगितलं होतं, आणि तो तुझा मुद्दा होता. तुझा का माझा, कुठला मुद्दा जिंकला, मला ठरवता येईना. तुला विचारायला फोनकडं हात गेला, आणि मग आठवलं.

सुजाता चार पावलं गेली आणि परत आली.

"आता महापालिकेची निवडणूक येईल," ती म्हणाली. "परत सभा होतील. घरमालकीण मला नीट सांगत नाही. तुम्ही याल का? माझ्या शेजारी बसाल? तो जे जे बोलेल ते मला कानात सांगायचं. सगळं. काही गाळायचं नाही."

मी फार थकलेय, दादा. त्या मैदानात, त्या खुर्च्यांवर, त्या भोंग्यांसमोर पुन्हा जाऊन बसायचं नुसतं मनात आलं तरी अंग जड होतं. तुझ्याशिवाय तर अजिबात जायचं नव्हतं मला.

मी तिला म्हटलं, "येईन. पुढच्या रांगेत नको, मागं बसू. मागं नीट बोलता येतं."